तीन नटराजांचा परतीचा प्रवास

पंढरीच्या विठ्ठलाची मूर्ति विजयनगरच्या राजानें आपल्या राजधानींत नेली आणि एकनाथमहाराजांचे पणजे संत भानुदास यांनीं ती परत पंढरपुरास आणली, ही परंपरागत हकीकत महाराष्ट्रांतील लहान मुलाला देखील ठाऊक आहे. इतिहासाच्या कांट्यावर ही कथा किती उतरते, हा वाद विद्वानांकडे सोंपवून आपण तिच्यांतील भाव तेवढा लक्षांत घेऊं. देव परक्या नगरांत राजवैभवांत होता, त्याची पूजाअर्चा यथासांग चालली होती. तरी देखील तो ज्यांचा होता त्यांना त्याच्यावांचून चैन पडेना. हाच अनुभव आमच्या काळांत तामिळनाडूंतील तीन खेड्यांच्या वांट्यास आला. फरक एवढाच कीं, भानुदासांना राजाच्या अंतःकरणाला पाझर फोडावा लागला, तर ह्या खेड्यांना पुरावा द्यावा लागला. तो पुरावा कसा उभा राहिला, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी पुरातत्त्वज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविलेला एक साधा मास्तर आहें. परंतु प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराची ही हकीकत इतकी बोधप्रद आहे कीं, ती घरोघरीं माहीत असावी असें मला वाटतें.

प्रथम ह्या मूर्तींचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व कथानक त्यावर अवलंबून आहे. तामिळ देशांत चोल राजांची सत्ता नवव्या शतकाच्या मध्यापासून तेराव्या शतकापर्यंत नांदली. ह्या काळांत तेथील देवळांसाठीं धातूच्या ज्या मूर्ती घडविल्या गेल्या, त्यांना जगाच्या कलेतिहासांत फार मानाचें स्थान आहे. गाभाऱ्यांतील मूळ देवता पाषाणाची व अचल. उत्सवाच्या दिवशीं मिरवणुकीनें नगरांत निघावयाची ती ही धातूची चल मूर्ति. तिच्या बैठकीस दांडे घालण्यासाठीं कड्या किंवा भोंकें ठेविलेलीं असतात. उत्सवांत ती रेशमी वस्त्रांनीं, अलंकारांनीं व फुलांनीं इतकी झांकलेली असते कीं, भाविकाला मुखाखेरीज फारसें कांहीं दिसतच नाहीं. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें ती चोराच्या फार उपयोगीं पडली.

ह्या मूर्ती ओतण्याची रीतहि विशेष आहे. मूर्ति प्रथम मेणाची करावयाची, तिच्यावर मातीचे थर द्यावयाचे, मग ती तापवून मेण वाहूं द्यावयाचें आणि रिकाम्या झालेल्या साच्यांत वितळलेला धातु ओतावयाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ह्या ग्रंथांत ही कृति वर्णिलेली आहे. धातु थंड झाला कीं मातीचा साचा फोडावा लागतो. म्हणजे एका साच्यांतून एकच मूर्ति निघते. दोन नटराज एकाच कारागिराच्या हातचे असले, तरी कोठें प्रभावळीच्या ज्वाला, कोठें जटांची ठेवण, तर कोठें बोटांचा बांक निराळा असावयाचाच. एका माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशीं जुळत नाहीं, तसेंच हें आहे. चोराचें दुर्दैव आणि आपलें सुदैव यांतच साठविलेलें आहे.

आतां एवढ्या मोलाच्या मूर्ती जमिनींत कशा सांपडतात, असें कोणी विचारील. सन १३११ मध्यें मलिक काफूरची फौज मदुरेपर्यंत जाऊन पोंचली, आणि त्यानंतरहि त्या प्रांतानें अनेक धामधुमी पाहिल्या. संकटसमयीं मूर्ती भूमिगत करून ठेवाव्या, असें आगमग्रंथांतूनच सांगितलेलें आहे. त्याप्रमाणें पुजाऱ्यांनीं त्या पुरल्या. पुढें पुरणारे काळाच्या उदरांत गडप झाले आणि जागा कोणाच्या स्मरणांत राहिली नाहीं. आपल्याकडेहि विहिरींत, तळ्यांत किंवा नांगराच्या फाळाला देव सांपडल्याच्या कथा गांवोगांव ऐकूं येतात. त्यांचें मूळ पुष्कळदां अशाच एखाद्या संकटांत असतें.

जमिनींत सांपडलेल्या अशा धनासंबंधीं कायदा फार जुना आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास ती कलेक्टरला कळविली पाहिजे, असें १८७८ च्या कायद्यानें ठरविलें. प्राचीन वस्तूंच्या निर्यातीवर बंधन घालणारा कायदा १९४७ सालीं झाला, आणि त्याची जागा १९७२ च्या अधिक कडक कायद्यानें घेतली. हा कायदा १९७६ च्या एप्रिलपासून अंमलांत आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ति, चित्र, नाणें किंवा कोरीव लेख, तसेंच पंचाहत्तर वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित हें त्याच्या कक्षेंत येतें, आणि अशी वस्तु खाजगी माणसाला देशाबाहेर नेतांच येत नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को ह्या संस्थेनें १९७० च्या नोव्हेंबरांत ह्याच हेतूनें एक आंतरराष्ट्रीय करार संमत केला व भारतानें त्यास १९७७ सालीं मान्यता दिली. तात्पर्य, कायद्यांची वाण नव्हती. वाण कशाची होती, तें आतां पाहूं.

पहिली हकीकत शिवपुरम् ह्या गांवची. तंजावर प्रांतांतील ह्या खेड्यांत १९५१ सालीं जमिनींतून सहा धातुमूर्ती निघाल्या. त्यांत दहाव्या शतकांतील एक अत्यंत सुंदर नटराज होता. सरकारनें त्या रीतसर तेथील शिवमंदिराच्या स्वाधीन केल्या. मूर्ती दुरुस्त कराव्या म्हणून १९५४ सालीं त्या कुंभकोणच्या एका स्थपतीकडे दिल्या गेल्या. स्थपतीनें दुरुस्ती केली, आणि त्याबरोबर आणखी एक उद्योग झाला. मूळ नटराजाची हुबेहूब प्रतिकृति तयार झाली. देवळांत परत गेली ती प्रतिकृति. मूळ नटराज व्यापाऱ्यांच्या हातीं पडला. गांवांत कोणाला संशय आला नाहीं. वस्त्राभूषणांनीं झांकलेल्या देवापुढें हात जोडणारा भाविक धातूचा कस पाहत नाहीं, आणि त्यानें तो पाहावा अशी अपेक्षा करणेंहि बरोबर नव्हे.

हा नटराज तेथून आला कोठें म्हणाल, तर आपल्या मुंबईंत. येथील एका संग्राहकाच्या घरीं तो कित्येक वर्षें होता. दरम्यान लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट ह्या तज्ज्ञानें चोलमूर्तींवर आपला ग्रंथ सिद्ध केला. तो १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. शिवपुरमच्या देवळांत जी मूर्ति आहे ती अर्वाचीन नक्कल असून मूळ मूर्ति खाजगी संग्रहांत आहे, असें त्यानें त्यांत नमूद करून ठेविलें. म्हणजे चोरीची पहिली वाच्यता फिर्यादींतून झाली नाहीं, ती एका विद्वानाच्या ग्रंथांतून झाली! तथापि ग्रंथांतील वाक्य वाचून अधिकारी जागे होईपर्यंत काळ कोणासाठीं थांबत नाहीं. नटराज १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कला पोंचला होता, आणि १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील धनाढ्य संग्राहक नॉर्टन सायमन यांच्या संस्थेनें तो नऊ लक्ष डॉलर्सना घेतल्याचें वर्तमान प्रसिद्ध झालें.

येथें भारत सरकारनें कंबर कसली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्यें ह्या संग्रहाचें प्रदर्शन भरावयाचें होतें, तें रद्द झालें. आणि १९७४ सालीं दावे दाखल झाले. अखेर १९७६ मध्यें तडजोड झाली. मूर्तीचा मालक भारत, हें मान्य झालें. परंतु दहा वर्षें ती त्या संस्थेकडे प्रदर्शनासाठीं राहावी, असें ठरलें. त्याप्रमाणें १९८६ सालीं नटराज स्वदेशीं परतला. गांव सोडून त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

दुसरी हकीकत पत्तूरची. हेंहि तंजावर प्रांतांतीलच एक लहानसें खेडें. बाराव्या शतकांतील विश्वनाथस्वामींचें मंदिर येथें मोडकळीस आलेलें होतें. पूजा कित्येक वर्षें बंद होती आणि अवशेषांत एक पाषाणी शिवलिंग तेवढें उरलें होतें. सन १९७६ मध्यें एका गरीब मजुराला त्या जागेनजीक खणतांना कांहीं धातुमूर्ती सांपडल्या. त्यानें कलेक्टरला कळविलें नाहीं. नटराज एका हातांतून दुसऱ्या हातांत जात शेवटीं लंडनला पोंचला. सन १९८२ मध्यें कॅनडांतील एका तेलव्यवसायी कंपनीनें तो विकत घेतला आणि डागडुजीसाठीं ब्रिटिश म्युझियमकडे दिला असतां लंडनच्या पोलिसांनीं तो जप्त केला. कंपनीनें पोलिसांवर दावा लाविला कीं, आम्हीं रोकड मोजून प्रामाणिकपणें घेतलेली वस्तु आम्हांस परत मिळावी.

ह्या खटल्यांत दोन प्रश्न निर्माण झाले, आणि दोन्ही मोठे मनोरंजक आहेत. पहिला प्रश्न हा कीं, लंडनमधील नटराज पत्तूरच्याच जमिनींतला, हें कशावरून? त्याच ठिकाणीं निघालेल्या इतर मूर्ती पोलिसांनीं पूर्वींच हस्तगत केल्या होत्या. तामिळनाडूचे विख्यात पुरातत्त्वज्ञ डॉ. नागस्वामी यांनीं लंडनच्या न्यायालयांत साक्ष देऊन शैलीचें साम्य उलगडून दाखविलें. मूर्तींना चिकटलेल्या मातीची, धातूची, किंबहुना वाळवीनें जमिनींत केलेल्या वारुळी रेघांचीहि तज्ज्ञांकडून तपासणी झाली. जी माती शतकानुशतकें देवाचें रक्षण करीत आली, तीच शेवटीं त्याची साक्षीदार झाली!

दुसरा प्रश्न याहून बिकट होता. मालक कोण? जुनें देऊळ पडलेलें, पुजारी नाहीं, विश्वस्त नाहींत. भारत सरकार, तामिळनाडू सरकार, मंदिराचा नेमलेला प्रतिनिधि, स्वतः मंदिर आणि तें शिवलिंग, असे सर्व न्यायालयापुढें उभे राहिले. शिवलिंग वादी, हें ऐकून आपल्यास विस्मय वाटेल. परंतु हिंदु देवता ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति असून तिच्या नांवें मालमत्ता असूं शकते, हें तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनें १९२५ सालींच एका बंगाली घराण्याच्या खटल्यांत मान्य केलेलें होतें. लंडनच्या न्यायमूर्तींनीं १९८८ च्या निकालांत असें मानलें कीं, बाराव्या शतकांत ज्या दात्यानें हें देऊळ उभारलें त्याचा धर्मसंकल्प अद्याप जिवंत आहे. वरिष्ठ न्यायालयानें १९९१ सालीं तो निकाल कायम केला. मात्र शिवलिंगाच्या दाव्याचा निराळा निर्णय करण्याची आवश्यकता त्यास वाटली नाहीं, मंदिर आपल्या प्रतिनिधीमार्फत दाद मागूं शकतें, एवढें त्यास पुरेसें झालें. नटराज त्याच वर्षीं भारताच्या स्वाधीन करण्यांत आला. छप्पर उडालेलें, दिवा विझलेलें एक खेड्यांतलें देऊळ सातासमुद्रांपलीकडे धनाढ्य कंपनीविरुद्ध उभें राहिलें आणि जिंकलें, ही घटना इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत घालण्याजोगी आहे.

तिसरी हकीकत अगदीं अलीकडची असून सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी आहे. अरियलूर जिल्ह्यांत श्रीपुरंतान नांवाचें गांव आहे. तेथील बृहदीश्वराच्या देवळांतील नित्यपूजा बंद पडली होती आणि देऊळ कुलूप लावून तसेंच राहिलें होतें. सन २००६ मध्यें चोरांनीं तें फोडलें व आंतील मूर्ती नेल्या. दोन वर्षेंपर्यंत चोरीचा कोणास पत्ता लागला नाहीं. मूर्ती सुरक्षित जागीं हलवाव्या म्हणून अधिकाऱ्यांनीं दार उघडलें, तेव्हां आंत देव नव्हते! तोंपर्यंत त्या नव्या हस्तव्यवसायाच्या वस्तु म्हणून सरकारी जकातीच्या नजरेखालून देशाबाहेर गेल्या होत्या. न्यूयॉर्कमधील सुभाष कपूर नांवाच्या व्यापाऱ्यानें ह्यांतील नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला २००८ सालीं पन्नास लक्ष अमेरिकन डॉलर्सना विकला. मूर्ति १९७२ च्या कायद्यापूर्वींच भारताबाहेर गेलेली होती, असें दाखविणारीं खोटीं कागदपत्रें त्यानें सोबत जोडलीं होतीं.

कागद खोटे करतां येतात. पण पूर्वीं घेतलेलें छायाचित्र मागाहून खोटें करतां येत नाहीं. पॉंडिचेरी येथील फ्रेंच संशोधनसंस्थेनें दक्षिणेंतील देवळांची छायाचित्रें वर्षानुवर्षें घेऊन ठेविलीं आहेत. त्यांची संख्या लाखाहून अधिक आहे. ज्या काळीं हीं छायाचित्रें घेतलीं, त्या काळीं चोर पकडणें हा कोणाचा उद्देश नव्हता; केवळ अभ्यासासाठीं तो खटाटोप होता. परंतु त्याच संग्रहांतील श्रीपुरंतानच्या नटराजाचें छायाचित्र ऑस्ट्रेलियांतील नटराजाशीं तंतोतंत जुळलें. तामिळनाडू पोलिसांची मूर्तिचोरीविरुद्ध खास शाखा आणि देशोदेशींचे कांहीं हौशी अभ्यासक यांनीं हा माग चिकाटीनें काढला. कपूर यास २०११ सालीं जर्मनींत अटक झाली, २०१२ सालीं भारतांत आणण्यांत आलें, आणि उडैयारपाळैयम् येथील अशाच एका देवळाच्या चोरीच्या खटल्यांत कुंभकोणच्या न्यायालयानें २०२२ च्या नोव्हेंबरांत त्यास दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. नटराज मात्र त्यापूर्वींच, २०१४ च्या सप्टेंबरांत, ऑस्ट्रेलियाचे तेव्हांचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनीं स्वतः दिल्लीस आणून भारताच्या स्वाधीन केला.

श्रोते हो, ह्या तीन हकीकती शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे एक सूत्र स्पष्ट दिसतें. पहिल्या मूर्तीला एका विद्वानाचा डोळा उपयोगीं पडला, दुसरीला माती, तिसरीला छायाचित्र. परंतु चोरीला जें निमित्त झालें, तें तिन्ही ठिकाणीं एकच, आणि तें म्हणजे आपली उदासीनता. दुरुस्तीस दिलेली मूर्ति परत आल्यावर कोणीं पारखून पाहिली नाहीं, पडक्या देवळाजवळ काय निघतें याची कोणीं दाद घेतली नाहीं, आणि कुलूप लावलेल्या देवळाचें दार दोन दोन वर्षें कोणीं उघडलें नाहीं. परदेशांतील कित्येक संग्राहक म्हणतात कीं, तुमच्याकडे ह्या वस्तूंची हेळसांड होते, आम्हीं त्या जपतों. ह्या युक्तिवादांतील निष्कर्ष खोटा आहे, कारण शेजाऱ्याचें दार उघडें राहिलें म्हणून त्याच्या तिजोरीवर आपला हक्क पोंचत नाहीं. पण त्यांतील टोमणा खरा आहे, आणि तो आपण मुकाट्यानें ऐकून घेतला पाहिजे. अद्यापहि परत आलेल्या अनेक मूर्तींना चोरांच्या भीतीमुळें आपल्या गांवीं जातां आलेलें नाहीं; त्या तिरुवारूर येथील सरकारी कोठारांत कुलुपांत ठेवाव्या लागल्या. देव देशीं आला, पण घरीं आला नाहीं.

अलीकडे राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य वाढलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अमेरिकेनें २०२१ सालीं १५७ आणि २०२४ च्या सप्टेंबरांत २९७ प्राचीन वस्तु भारतास परत करण्याची व्यवस्था केली, आणि २०२४ च्या जुलैमध्यें दोन्ही देशांत ह्या विषयावर करारहि झाला. परंतु परत येणाऱ्या वस्तूंच्या आनंदांत, परत न येणाऱ्या वस्तूंचा विसर पडूं नये. कोंकणांत श्रीवर्धन तालुक्यांत दिवेआगर येथें १९९७ सालीं सुपारीच्या बागेंत एक तांब्याची पेटी निघाली व तींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. गांवानें तो मोठ्या भक्तीनें देवळांत बसविला. सन २०१२ च्या मार्चमध्यें दरोडेखोरांनीं दोन रखवालदारांचा प्राण घेऊन तो नेला. पुढें आरोपी सांपडले, सोनेंहि हातीं आलें, परंतु वितळविलेलें. नटराज परत येऊं शकला, कारण तो मूर्ति म्हणून विकला गेला होता. सोन्याचा गणपति सोनें म्हणून विकला गेला आणि कायमचा नाहींसा झाला. त्या दोन रखवालदारांचे प्राण तर कोणत्याच न्यायालयाला परत देतां येणार नाहींत.

मग आपण सामान्य माणसांनीं काय करावें? पुष्कळ कांहीं करतां येण्याजोगें आहे, आणि त्यास द्रव्यहि फारसें लागत नाहीं. आपल्यापैकीं अनेकांच्या देवघरांत वडिलोपार्जित टांक आहेत, मूर्ती आहेत. माळ्यावर पोथ्या, सनदा, जुनीं नाणीं बांधून ठेविलेलीं आहेत. त्यांची एक यादी करावी. प्रत्येक वस्तूचें पुढून, मागून व बैठकीखालून छायाचित्र घ्यावें. उंची, वजन, कोरलेलीं अक्षरें आणि विशेषेंकरून जुन्या खरचटल्याच्या व मोडतोडीच्या खुणा लिहून ठेवाव्या. कारण ओळख पटते ती सौंदर्यावरून नव्हे, खोडीवरून. यादीची एक प्रत घराबाहेर, विश्वासू नातलगापाशीं ठेवावी. ज्या प्रकारच्या वस्तूंची नोंदणी कायद्यानें आवश्यक आहे, त्यांची ती करून घ्यावी. शेतांत किंवा पायांत कांहीं निघाल्यास प्रथम मामलेदारास कळवावें. आणि बाजारांत कोणी जुनी मूर्ति स्वस्तांत देऊं लागल्यास, ती कोठून आली हें विचारावें. उत्तर समाधानकारक नसेल तर ती घेऊं नये. गिऱ्हाईक नसेल तेथें चोरहि उपाशी मरतो.

आपल्या गांवच्या देवळाच्या बाबतींत एक अडचण येते, तिचाहि उल्लेख करितों. गाभाऱ्यांत देवाचें छायाचित्र घेऊं नये, असा पुष्कळ ठिकाणीं आग्रह असतो. त्या श्रद्धेचा मान राखूनहि एक मार्ग निघूं शकतो. पुजाऱ्यानें सोंवळ्यांत, विश्वस्तांच्या समक्ष, अलंकार उतरवून एकदां छायाचित्र घ्यावें व तें मोहोरबंद करून पेटींत ठेवावें. तें कोणास दाखविण्याची आवश्यकता नाहीं. श्रीपुरंतानचा नटराज कोणत्या शस्त्रानें सोडविला, याची आठवण विश्वस्तांना करून द्यावी, म्हणजे ते बहुधा नाहीं म्हणणार नाहींत.

येत्या सुटींत आपण गांवीं जाल, तेव्हां एवढेंच करावें. जुन्या देवळाचें दार उघडून आंत जावें, दर्शन घ्यावें आणि मूर्ती किती आहेत त्या मोजाव्या. त्या मोजल्या जात आहेत, हें गांवांत सर्वांना कळूं द्यावें.